पावणेदोन सुताची चावी

प्रश्न : काका, मी कासारवडवलीला राहतो, नोकरी महापेला. रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून ठाणे-बेलापूर रोड असा प्रवास. गाडी हिमालयन ४११. माझं वजन ९२ किलो, पाठीवर लॅपटॉपची बॅग. ब्रेक दाबला की गाडी पुढून नाक घासल्यासारखी खाली बसते आणि मोठ्या खड्ड्यात हँडलमध्ये ‘ठक्क’ असा आवाज येतो. पुढच्या शॉकअपच्या प्रोग्रेसिव्ह (दाबत जाल तशा कडक होणाऱ्या) स्प्रिंगा मागवल्या आहेत. त्या आणि नवं ऑइल बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्वतःच घालणार आहे. १७२ नगांची टूलकिट साडेचार हजारांत मिळतेय, शिवाय पुढचं चाक उचलायचा पॅडॉक स्टँड घेतोय. आणखी काय लागेल?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : आधी काय घेऊ नका ते सांगतो. ती १७२ नगांची पेटी घेऊ नका. आणि तो स्टँडही नको, त्याचं कारण पुढे येईल.

वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. तरी माझ्या हातून झालेला घोळ ऐका. १९९४ चा पावसाळा, वर्तकनगरमध्ये आमच्या घराची गॅलरी, आणि माझ्या शंभर सीसी गाडीचं पुढचं शॉकअप गोणपाटावर आडवं. तळाचा बोल्ट ६ मिलिमीटरच्या एलन चावीचा. माझी ६ ची चावी शेजारच्यांनी नेलेली. डब्यात जुन्या इंची संचातली एक चावी सापडली, पावणेदोन सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ७/३२ इंच. बोल्टात घातली, गेली. गेली म्हणजे बसली, असं मी धरून चाललो. ७/३२ इंच म्हणजे ५.५६ मिलिमीटर. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई, आणि वर मी चावीला पाइप घालून जोर लावला. बोल्टातलं षटकोनी भोक गोल गरगरीत झालं. मग ड्रिल मारून बोल्टाचं डोकं उडवलं, त्यात बॉटमला, म्हणजे शॉकअपच्या खालच्या जाड नळीला, ओरखडा पडला, दोन रविवार गेले. दिवसभर कंपनीत मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस घरी येऊन अंदाजाने चावी घालतो, हा किस्सा आमची मंडळी अजून पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात.

तुमच्या पेटीतल्या बऱ्याच चाव्या आणि गोट्या (सॉकेट) इंची असणार. तुमच्या गाडीत त्यांचं काम नाही. नुसतं काम नसतं तर चाललं असतं, पण त्या चुकीच्या बोल्टात जातात. अडीच सुताची चावी ७.९४ मिलिमीटर, ८ च्या बोल्टात चालूनही जाते, आणि तिथेच माणसाचा विश्वास बसतो. मग तोच माणूस दीड सुताची, म्हणजे ४.७६ ची चावी ५ च्या बोल्टात घालतो.

तेव्हा पहिली खरेदी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार. साधा चालेल, डिजिटलच हवा असं नाही. गाडीजवळ बसा आणि ज्या ज्या नटबोल्टाला हात लागणार आहे त्याचं माप वहीत लिहा : पुढच्या ॲक्सलचा नट, ॲक्सलचा पिंच बोल्ट (आवळून धरणारा), ब्रेकच्या कॅलिपरचे दोन बोल्ट, मडगार्डचे, अप्पर टी आणि बॉटम टीचे (शॉकअपचे दोन्ही पाय वरून-खालून धरणाऱ्या पट्ट्यांचे) पिंच बोल्ट, आणि फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या पायाच्या, टोपीचा षटकोन. आठ-दहा मापं होतील. तेवढ्याच गोट्या आणि तेवढ्याच चाव्या घ्यायच्या. गोट्या सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. टोपीसाठी घेतलेली गोटी तोंडाशी आतून उतरती असेल तर लेथवर तिचं तोंड सपाट करून घ्या. टोपीचा षटकोन पातळ असतो, उतरत्या तोंडाची गोटी त्याला वरवर पकडते आणि निसटते. वागळेत कुठल्याही लेथवाल्याकडे हे पाच मिनिटांचं काम आहे.

नमनालाच घडाभर तेल झालं. पण स्प्रिंग काढण्याआधी अजून एक मोजमाप राहिलं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लागते फक्त शिवणकामाची टेप आणि दोन मित्र.

तुमच्या गाडीचा पुढचा प्रवास २०० मिलिमीटर, मागचा १८०. पुढचं चाक अधांतरी असताना ॲक्सलच्या मध्यापासून बॉटम टीच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-बॅगेसकट बसलेले, एकाने मागून गाडी सरळ धरलेली, आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजलेलं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली. साधारण एकूण प्रवासाच्या तीस टक्के धरतात, म्हणजे पुढे ६० च्या आसपास. हे माप दोनदा घ्यायचं. एकदा हँडल खाली दाबून हलकेच सोडल्यावर, एकदा वर उचलून हलकेच सोडल्यावर. सील आणि बुशच्या घर्षणामुळे आकडे वेगळे येतात, मधला धरा. इतर गाड्यांवर लोक फोर्कच्या पाइपला केबल टाय बांधून प्रवास बघतात. हिमालयनला पाइपवर रबरी गेटर (घड्यांचं आवरण) असतो, त्यामुळे आधी त्याची क्लिप सोडून तो वर सरकवावा लागेल. मात्र केबल टायचा दुसरा उपयोग मोठा आहे : माजिवड्यापर्यंत जाऊन या, टाय कुठवर ढकलला गेला त्यावरून शॉकअप खरंच तळाला जातं का ते कळेल.

कारण तुमच्या ‘ठक्क’ आवाजाबद्दल मला शंका आहे. पुढचं चाक उचललेलं असतानाच समोर बसून दोन्ही बॉटम हातात धरा आणि पुढे-मागे ढकला. हाताला खटखट लागली तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळातली बेअरिंग, ढिला आहे. मग हजारोंच्या स्प्रिंगा घाला की सोन्याच्या घाला, आवाज तसाच राहील.

आता चाक उचलायचं कसं. तुम्ही बघितलेला स्टँड फोर्कच्या बॉटमला खालून उचलतो. चाक बदलायला तो छान. पण तुम्हाला फोर्कच गाडीतून बाहेर काढायचे आहेत, आणि गाडी उभी राहणार त्याच फोर्कवर! ज्या फांदीवर बसायचं तीच कापायची, तसं. तुमच्या गाडीला डबल स्टँड आहे, तो लावा. कुणाच्या तरी कारचा कात्री-जॅक आणा आणि सागवानी किंवा प्लायचा जाड तुकडा मध्ये घालून इंजिनखालून फ्रेमला आधार द्या. नुसत्या पत्र्याच्या गार्डवर जॅक टेकवू नका, पत्रा वाकेल. शिवाय हँडलच्या मुळाशी एक रॅचेट पट्टा घालून वर पार्किंगच्या बीमला किंवा मजबूत हुकाला बांधा. वजन जॅकवरच राहील, पट्टा फक्त गाडी कलली तर धरेल. पाण्याच्या पाइपाला बांधू नका. पाइप तुटला तर सेक्रेटरी तुम्हाला आयुष्यभर ओळखतील.

काम कोणत्या क्रमाने करायचं हेही अर्धं हत्यारच आहे. फोर्कच्या टोप्या फोर्क गाडीत असतानाच ढिल्या करायच्या. अप्पर टीचा पिंच बोल्ट आधी सोडायचा, बॉटम टीचा घट्ट ठेवायचा, मग टोपी पाव फेरा फिरवायची. हे विसरून फोर्क बाहेर काढला की तो धरायला व्हाइस लागतो, आणि व्हाइसमध्ये पाइप धरला की त्यावर दातांचे ठसे उमटतात. हँडल आड आलं तर त्याचे क्लॅम्प सोडून टाकीवर जुनी गोधडी घालून त्यावर टेकवा, ब्रेक ऑइलची डबी उलटी होऊ देऊ नका. कॅलिपर तारेने वर टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, आणि तो निघालेला असताना ब्रेकच्या दांडीला हात लावायचा नाही. एबीएसच्या सेन्सरची वायर आधी मोकळी करा.

टोपी शेवटच्या आट्यांवर आली की खालून स्प्रिंग ढकलते. चेहरा बाजूला ठेवा, टी-हँडलवर तळहाताने दाब देत सोडा. मग स्पेसर, वायसर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि फोनने फोटो काढा. फोर्क उलटा करून दहा-पंधरा वेळा पंप केला की जुनं ऑइल येतं. त्याला वास येईल, नाक धरा.

ऑइल घालताना बहुतेक लोक मोजपात्राने मिलिलिटर मोजतात आणि थांबतात. त्याने थोडी चूक राहते, कारण आत जुनं ऑइल किती चिकटून राहिलं ते कुणाला दिसत नाही. खरं माप उंचीचं. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबून आखूड केलेला, चार-पाच वेळा हलवून हवा काढलेली, आणि मग पाइपच्या वरच्या काठापासून ऑइलच्या पृष्ठभागापर्यंत किती मिलिमीटर, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. यासाठी बाजारात खास हत्यार मिळतं, पण मी औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज आणि माशांच्या टाकीची नळी वापरतो. नळीबरोबर एक सरळ सळई टेपने बांधायची, हव्या त्या उंचीवर रबर बँड लावायचा, थोडं जास्त ऑइल ओतायचं आणि वरचं ओढून घ्यायचं. नळी त्या उंचीला हवा ओढायला लागली की झालं. दोन्ही पाय अगदी सारखे येतात. ऑइलच्या वर उरलेली हवाही स्प्रिंगसारखीच काम करते. ऑइल जास्त भरलं की हवा कमी, आणि शॉकअप शेवटच्या टप्प्यात दगड होतं. म्हणून ‘थोडं जास्त घालू, चांगलंच’ असं करायचं नाही.

तुमच्या नव्या स्प्रिंगांबरोबर स्पेसरची वेगळी लांबी सांगितलेली असेल तर ती पाळा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग वजन पेलते, ऑइल स्प्रिंगच्या उसळीला लगाम घालतं. दोन्ही एकदम बदललं आणि गाडी आवडली नाही तर दोष कुणाला द्यायचा? मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच घट्टपणाचं नवं ऑइल आधी घाला. महिनाभर चालवा.

पैसे वाचवायचे नाहीत अशी एकच जागा : टॉर्क पाना. लोक अर्ध्या इंची चौकटीचा, ४० ते २०० न्यूटन मीटरचा मोठा पाना घेतात, कारण तो बघायला मर्दानी दिसतो. पिंच बोल्ट आणि कॅलिपरचे बोल्ट त्याच्या खालच्या टोकाला येतात किंवा त्याच्याही खाली. तुम्हाला साधारण १० ते ६० न्यूटन मीटरमध्ये काम करणारा छोटा पाना हवा. ॲक्सल घट्ट करायला त्याहून मोठा लागला तर तो मागून आणा, पण पिंच बोल्टांना मोठा नको. २५ न्यूटन मीटर म्हणजे किती, तर २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचा जोर. ॲल्युमिनियमच्या टीमध्ये आटे जायला तुमच्यासारख्या ९२ किलोंच्या माणसाला याहून फारसं जास्त काही करावं लागत नाही. काम झालं की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आतल्या स्प्रिंगला आराम मिळतो. नट सोडायला हा पाना कधीच वापरू नका.

मागच्या मोनोशॉकला, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकअपला, फक्त हुक पान्यापुरता हात लावा. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, रिंग फिरवण्याआधी तिथली माती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा, नाहीतर माती रिंगेत दळली जाते. एक गैरसमजही दूर करतो : प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी मागून फक्त वर उचलली जाते. तो शॉकअब्जॉर्बर उघडायचा मात्र नाही. आत दाबाखालचा वायू असतो. स्प्रिंग काढायला कारवाल्यांकडचा स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आणून घरी प्रयोग करणारे मी पाहिलेत, त्यातल्या एकाच्या पार्किंगच्या छताला अजून खड्डा आहे.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जा. ठाण्याहून स्लो लोकल पकडा, मशीद स्टेशनवर फास्ट थांबत नाही. शनिवारी सकाळी, मापांची वही आणि व्हर्नियर खिशात घेऊन. दुकानदार आधी तुम्हाला पेट्याच दाखवेल. सुट्या गोट्या मागा, आणि दुकानातच चावीला व्हर्नियर लावा. त्याला राग येणार नाही, उलट तो आतून चांगला माल काढेल.

प्रश्न : माझ्या १५० सीसी बाइकच्या उजव्या शॉकअपमधून ऑइल गळतं. कळव्यातला मेकॅनिक म्हणतो, इंजिनचं २०डब्ल्यू५० घाल, घट्ट असतं म्हणून गळणार नाही. खरं आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : गळायचं कदाचित कमी होईल, पण शॉकअप शॉकअप राहणार नाही. इंजिन ऑइल फोर्क ऑइलपेक्षा कित्येक पट घट्ट. खड्ड्यात चाक वर यायला वेळच मिळत नाही, सगळा धक्का तुमच्या मनगटात. आणि ऑइल उजव्या बाजूने गळतंय म्हणता. डिस्कही त्याच बाजूला असेल तर आधी ब्रेक पॅड बघा. ऑइल प्यायलेले पॅड घासून सुधारत नाहीत, बदलायचेच.

सील बदलण्याआधी एक प्रयोग करा, फुकट आहे. वरचं डस्ट सील (धूळ अडवणारं रबर) बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, तिच्या कडेला छोटा हुक ठेवा, आणि पाइप व ऑइल सीलच्या ओठामध्ये घालून गोल फिरवत बाहेर ओढा. पावसाळ्यानंतर बऱ्याचदा चिखलाचा एक कण निघतो आणि गळती थांबते. नाही थांबली तर पाइपवरून नख फिरवा. नख अडकलं तर गंजाचा खड्डा आहे, नवं सीलही महिनाभरात फाटेल, पाइपचंच बघावं लागेल.

सील घालायचंच ठरलं तर वर सांगितलेला तळाचा बोल्ट तुम्हाला सोडावा लागणार. तो सोडताना आतला डॅम्पर रॉड (ज्यात हा बोल्ट बसतो ती दांडी) बोल्टाबरोबर नुसता गरगर फिरतो, इथेच लोक हात टेकतात. त्यासाठी खास हत्यार घेऊ नका. टोपी आणि स्प्रिंग जागेवर असतानाच, फोर्क जमिनीवर दाबून धरून, आधी तळाचा बोल्ट ढिला करा. स्प्रिंगच रॉडला धरून ठेवते. नेमक्या मापाची चावी, पूर्ण आत ठोकून बसवलेली. तांब्याचं वायसर नवं घाला.

सील आत ठोकायला प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा पुरतो. आतून तुमच्या फोर्कच्या पाइपवरून मोकळा जाणारा, बाहेरून सीलच्या खाचेत मावणारा. व्हर्नियर घेऊन जा. पाइपचं तोंड अगदी काटकोनात कापा, वाकडं कापलं की सील वाकडं बसतं. सीलच्या ओठाला फोर्क ऑइल लावा, पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घाला आणि मग सील सरकवा.

आणि निघालेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. कळव्याचं गटार खाडीला मिळतं, आणि ठाण्याच्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं. त्याच मेकॅनिकला दिलंत तरी चालेल, फक्त ते परत तुमच्याच गाडीत आलं नाही म्हणजे झालं.

प्रश्न : माझी ॲक्टिवा ६जी आहे. आईला रोज नेरूळ स्टेशनला सोडते. तिच्या कंबरेला धक्के बसतात. मेकॅनिक मागचं शॉकअप बदलायला सांगतो. मला हत्यारांचं काहीच येत नाही, तरी घरी काही करता येईल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : येईल, आणि हुक पाना सोडून काही विकत आणावं लागणार नाही. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला एकच शॉकअप आहे, त्याच्या स्प्रिंगच्या तळाशी पायऱ्या असलेली रिंग दिसेल. तिला तीन टप्पे असतात. हुक पाना रिंगेच्या खाचेत अडकवून फिरवायचा. गाडी डबल स्टँडवर असली की रिंगेवर भार कमी असतो, हाताला सोपं जातं. सायलेन्सर उजव्या बाजूला आहे, पण गाडी तरी गार होऊ द्या.

त्याआधी टायरमधली हवा. पंपावर पोरगा पुढे-मागे सरसकट एकच आकडा भरून देतो. मागे डबल सीटसाठी किती आणि पुढे किती, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेवढीच भरून घ्या. सकाळी टायर थंड असताना. अर्धी तक्रार इथेच मिटलेली मी पाहिली आहे.

मग रिंग आता कितव्या टप्प्यावर आहे ते बघा. कोणी सगळ्यात वरच्या टप्प्यावर नेऊन ठेवली असेल तर एक टप्पा खाली आणा. सगळ्यात खालच्यावर असेल आणि स्पीडब्रेकरवर मागून ‘धप्प’ असं खाली आदळत असेल तर एक टप्पा वर. एक टप्पा बदलायचा आणि आठवडाभर त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने जायचं. आणि चांगलं-वाईट तुम्ही ठरवू नका, तुम्ही पुढे बसता. स्टेशनवर उतरल्यावर आईंना विचारा, आणि त्या ‘बरं आहे गं’ म्हणाल्या तर घरी आल्यावर पुन्हा एकदा विचारा.